पान एकेचाळीस

पाण्याला रंग नसतो, असं फळ्यावर लिहिलं
आणि खडू खाली ठेवायच्या आत
तिसऱ्या बाकावरच्या शबिस्ताचा हात वर:
"बाई, आमच्याकडं असतो. पहिली दोन मिनिटं चहाचा."

पाण्याला वास नसतो.
वर्ग हसला. हसू दिलं.
सूर्यानगरच्या टेकडीवर एकशे सोळा पायऱ्या चढून
जे पाणी जातं, त्याला रबरी नळीचा वास असतो,
गंजाचा, मोटारीच्या तेलाचा,
कधी कधी शेजारणीशी झालेल्या भांडणाचा.

चव नसते, हे मी लिहिलंच नाही.

एकोणीस वर्षं शिकवतेय हा धडा.
आधी सोपा वाटायचा. पेला, बर्फ, किटलीची वाफ,
आणि बाणांचं ते गोल फिरणारं चित्र:
समुद्र, ढग, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र.
त्यात कुठेच माणूस नाही.
यंदा भूषण घोडेरावने काढला.
डोंगराच्या पायथ्याशी वाकलेला, हातात लांब लोखंडी चावी.
त्याचा बाप. पालिकेत आहे.
रस्त्यातलं झाकण उचलतो, चोवीस फेरे डावीकडे.
चित्राखाली लिहिलेलं: पहाटे चार वीसला पाऊस पडतो.
मी लाल पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.

पुढचा तास मराठीचा. तोच वर्ग, तीच मी.
पाण्यात पाहणे. पाणी जोखणे. तोंडचे पाणी पळणे.
इथे पाणी वाटेल ते करत होतं
आणि कुणाचीच हरकत नव्हती.
'पाणी मुरणे'चा वाक्यात उपयोग करा.
"आमच्या भिंतीत पाणी मुरते पण मालक म्हणतो मुरत नाही."
बरोबर द्यावं की चूक?
अर्धा गुण दिला, आणि दिवसभर तो अर्धा मला टोचत राहिला.

शुक्रवारी प्रयोग: पाणी भांड्याचा आकार घेते.
घरून आणा म्हटलं, तर आलं काय काय.
तेलाचा चौकोनी डबा, रंगाची बादली, मान कापलेली बाटली,
आजीच्या नावाची कळशी, तळाला डाग दिलेली.
टेबलावर ठेवा म्हणायच्या आत मुलांनी ती दारापासून लावली,
एकामागे एक, कड्या एका दिशेला,
आणि नंबरावरून जुंपली.
शाळेची टाकी त्या दिवशी कोरडी.
प्रयोग पाण्यावाचूनच झाला.
आकार मात्र सगळ्यांना समजला.

झाडता झाडता यमुनामावशी मुकणे थांबल्या.
त्यांचं माहेर तानसाकडं.
"आमच्या शिवारातनंच येतो की तुमचा नळ.
एवढा, का आत बैल उभा राहील.
आम्ही त्याच्यावर मिरच्या वाळवायचो.
प्यायला विहीर, ती आटली का टँकर.
पर कान लावला ना बाई, ऐकू येतं.
लहानपणी झोपच तिथं लागायची."

रात्री टाचणवही उघडली.
अध्ययन निष्पत्ती: विद्यार्थी पाणी म्हणजे काय ते सांगू शकतो.
शेजारी तांब्या. त्यात ट्यूबलाइट हलत होती.
ठाऊक आहे मला, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन,
पण यातला कुणी चार वीसला उठत नाही.
रकाना कोरा सोडला. कोरा म्हणजे कोरडा,
हे तेव्हाच सुचलं, आणि झोप उडाली.

सोमवारी परवानगी न घेता
वर्ग खाली नेला, पाइपलाइनपाशी.
चौतीस जण. बोलायचं नाही, कान लावायचा.
एवढे गप्प ते मी एकोणीस वर्षांत पाहिले नव्हते.
भूषणनं डोळे मिटले होते.
शबिस्ता कुजबुजली, "बाई, आत कुणीतरी चालतंय."
"कुठं?"
"आपल्याला सोडून पुढं."

परत आलो तर मुख्याध्यापक दारात.
काय शिकवलंत, विचारलं.
मी वर्गाकडे बघितलं:
चौतीस डावे कान, गंजाने तांबडे,
आणि फळ्यावर परवापासून न पुसलेलं,
पाण्याला रंग नसतो.